कुत्र्याचं पोट सुटलंय? आधी सुतळी घ्या

धर्मापुरीतल्या आणि भोवतालच्या वाड्या-तांड्यांवरच्या, आखाड्यांवरच्या सगळ्यांना ही विनंती आहे. ज्यांच्या दारात पाळलेलं कुत्रं आहे त्यांना तर आहेच. ज्यांच्या दारात कुणाचंच नसलेलं एखादं कुत्रं रोज भाकरीच्या वेळेला येऊन बसतं, त्यांनाही आहे.

कुत्र्याचं पोट खाली लोंबायला लागलं असेल आणि पाठीचा कणा मात्र वर दिसत असेल, तर ते खाऊन सुटलेलं नाही. बहुतेक वेळा त्याच्या पोटात पाणी झालेलं असतं. अशा वेळी दिवस घालवू नका. मी घालवले, म्हणून सांगतोय.

आमच्या आखाड्यावर लाल्या होता. सात वर्षांचा, तांबूस रंगाचा, रात्री रानडुकरांच्या मागं जाणारा. दोन वर्षांमागं येळवशीच्या सणाला पाहुणे आले, भज्जी-आंबील झाली, उरलंसुरलं लाल्यानं खाल्लं. दोन-चार दिवसांनी त्याचं पोट मोठं दिसायला लागलं, तेव्हा सगळे म्हणाले, लाल्याला येळवस अंगी लागली. मीही तेच म्हणालो. आठवड्यानं तो चालताना मागचे पाय फाकवून टाकायला लागला. रात्री आडवा होईना, पुढचे पाय ताठ ठेवून बसूनच डुलक्या घ्यायचा. मला वाटलं, थंडीमुळं असेल. एके सकाळी मागच्या पायात काटा आहे का म्हणून मी अंगठ्यानं दाबून पाहिलं. अंगठा उचलला तरी खळगा तसाच राहिला, भिजवलेल्या कणकेवर राहावा तसा. हळूहळू भरून यायला बराच वेळ लागला. तेव्हा कुठं मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मणका न् मणका हाताला लागत होता. पोट वाढत होतं आणि जनावर आतून वाळत होतं. हे कळेपर्यंत माझे अठरा दिवस गेले होते.

दवाखान्यात नेल्यावर डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो पोटाबद्दल नव्हताच. कुत्रं खातं काय, हा होता. त्याच्याकडं मी पुढं येतो. आधी पाणी म्हणजे काय ते सांगतो, कारण आपण पाण्यालाच रोग समजतो आणि तिथंच चुकतो.

शेतात ठिबक असलेल्यांना हे लगेच कळेल. अंगातल्या बारीक रक्तवाहिन्या म्हणजे ठिबकच्या नळ्या. त्यांतून थोडं पाणी सतत बाहेर पाझरतं, अंगाला ओल देतं आणि पुन्हा आत ओढलं जातं. आत ओढून धरायचं काम रक्तातलं एक प्रथिन करतं. त्याला अल्ब्युमिन म्हणतात आणि ते यकृतात, म्हणजे काळजात, तयार होतं. ते रक्तात फार कमी झालं, साधारण एका डेसिलिटरला दीड ग्रॅमच्या खाली गेलं, की पाणी नळीत ठरत नाही. ते पोटात, पायांत, छातीखाली उतरतं. दुसरं कारण दाबाचं. हृदय थकलं किंवा यकृत घट्ट झालं की रक्त मागं तुंबतं, नळीतला दाब वाढतो आणि पाणी बाहेर फेकलं जातं. तिसरं म्हणजे नळीलाच भोकं पडणं, जसं साप चावल्यावर किंवा आत संसर्ग झाल्यावर होतं. आणि चौथं, पाणी वाहून नेणारी चारीच बुजणं. सूज एकच दिसते, पण तिच्या मागं यांतलं कोणतंही कारण असू शकतं. म्हणून सुजेवर एकच औषध नसतं. तापाला जसं आपण म्हणतो की ताप कशानं आला ते बघा, तसंच कुत्र्याच्या पाण्याचं आहे.

सूज कुठं आहे, यावरून निम्मं कळतं.

एकाच पायाला सूज असेल तर आधी त्या पायावर काही बांधलंय का ते बघा. दृष्ट लागू नये म्हणून पिल्लाच्या पायात काळा दोरा बांधायची आपल्याकडं पद्धत आहे. पिल्लू वाढतं, दोरा वाढत नाही. केसांखाली तो दिसेनासा होतो, कातडीत रुततो, आणि दोऱ्याच्या खालचा पंजा भाकरीसारखा फुगतो. गळ्याचंही तसंच. दोन महिन्यांच्या पिल्लाला बांधलेली नायलॉनची दोरी सहाव्या महिन्यात तशीच असते, आणि एक दिवस कुत्र्याचं तोंड, गाल, डोळ्यांखालचा भाग सुजलेला दिसतो. घरचे म्हणतात मधमाशी चावली. बोट घालून बघा. दोरी आणि गळा यांच्यात दोन बोटं सहज गेली पाहिजेत. रुतलेली दोरी मात्र घरी ओढून काढू नका, आत जखम असते आणि तिच्यात बहुधा किडे पडलेले असतात. ते डॉक्टरांनी काढायचं काम आहे.

तोंडाला किंवा पुढच्या पायाला तासा-दोन तासांत भराभर सूज चढली, कुत्रं कण्हतंय, चावल्या जागेतून रक्त थांबत नाही, तर साप समजा. आपल्या रानात घोणस आहे आणि कुत्रं आधी नाक घालतं, म्हणून चावा तोंडावर बसतो. तिथं चिरू नका, चोखू नका, आवळून बांधू नका, चुना-हळद लावत बसू नका. त्याला चालवू नका, उचलून गाडीत घाला. माणसाला देतात तीच सर्पविषाची लस कुत्र्यालाही लागू पडते. ती नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालते. मात्र ती प्रत्येक दवाखान्यात असेलच असं नाही, म्हणून निघतानाच फोन करून विचारा. मधमाशी किंवा गांधीलमाशी चावली तरी तोंड सुजतं, पण कुत्रं बाकी ठीक असतं आणि सूज दिवसाभरात उतरते. त्यातही श्वासाला घरघर लागली किंवा कुत्रं भोवळ येऊन पडलं, तर थांबू नका.

चारही पाय, छातीखालचा भाग आणि पोट असं सगळं हळूहळू सुजत असेल, तर कारण आत आहे. यकृत, मूत्रपिंड, हृदय, आतडी यांतलं काहीतरी.

आता पोटाबद्दल. मोठं दिसणारं प्रत्येक पोट पाण्याचं नसतं, आणि एक पोट असं असतं की ज्याला तासांचीच मुदत असते. मोठ्या जातीचं कुत्रं भरपूर खाऊन उड्या मारतं, आणि थोड्या वेळानं त्याचं पोट बरगड्यांच्या मागं ढोलासारखं ताठ होतं. ते उलटीसाठी सारखं ओकारतं, पण लाळेशिवाय काही पडत नाही. अस्वस्थ होऊन येरझाऱ्या घालतं. यात जठराला पीळ पडलेला असतो. हे रात्री दोन वाजता दिसलं तरी रात्री दोन वाजताच निघायचं. सकाळपर्यंत थांबलात तर बहुतेक वेळा कुत्रं हाती लागत नाही.

कुत्री माजावर येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत तिचं पोट वाढलं, ती पाणी फार प्यायला लागली, सुस्त झाली, मागून घाण वास येणारा स्राव आला, तर ती गाभण आहे असं धरून बसू नका. गर्भाशयात पू झालेला असू शकतो. त्यावर बहुधा शस्त्रक्रियाच करावी लागते, आणि ती वेळेत झाली तर कुत्री वाचते. पिल्लाचं पोट गोल आणि हिरड्या पांढऱ्या असतील तर जंत. या तिन्हींत आणि पाण्यात फरक कसा करायचा? कुत्र्याला उभं करा. एका बाजूला पोटावर तळहात ठेवा आणि दुसऱ्या बाजूनं बोटानं टिचकी मारा. आत पाणी असेल तर लाट येऊन तळहाताला लागते. भरलेली घागर हलवल्यावर बाहेरून हाताला जे कळतं, तसंच ते कळतं. पाणी थोडं असेल तर लाट लागणार नाही, म्हणून लाट नाही एवढ्यावर निश्चिंत होऊ नका.

पोट वाढतंय का ते मोजायला घरात सुतळी असतेच. ती कुत्र्याच्या पोटाभोवती, शेवटच्या बरगडीच्या लगेच मागून, न आवळता गुंडाळा. जिथं टोक जुळतं तिथं गाठ मारा. तीन दिवसांनी त्याच वेळेला, खाण्याआधी, पुन्हा गुंडाळा. जिथं टोक जुळेल तिथं नवी गाठ मारा. ती आधीच्या गाठीच्या पुढं पडली असेल तर पोट वाढतंय. डोळ्याला हे कळत नाही, कारण रोज बघणाऱ्याला वाढ दिसत नाही. लाल्याला आम्ही रोज बघत होतो. वजनकाटा असेल तर आणखी बरं. आधी तुम्ही एकटे उभे राहा, मग कुत्र्याला उचलून घेऊन उभे राहा, आणि वजाबाकी करा. एक लिटर पाणी म्हणजे जवळपास एक किलो. दोन दिवसांत किलोभर वजन वाढलं तर ते मांस नसतं.

कुत्रं शांत झोपलेलं असताना त्याची छाती मिनिटात किती वेळा वर येते ते मोजा. वर-खाली मिळून एक धरा. तीसच्या आत असेल तर ठीक. पुन्हा मोजल्यावरही तीसच्या वर जात असेल, तर पाणी छातीत किंवा फुप्फुसात शिरलं असण्याची शक्यता आहे आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. घड्याळ सगळ्यांच्याच मोबाइलमध्ये असतं. मग ओठ वर करून हिरडी बघा. गुलाबी असली पाहिजे. बोटानं दाबली की पांढरी होते, सोडली की दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. कायमच पांढरी असेल तर रक्त कमी आहे. पिवळी असेल तर यकृत किंवा रक्ताचं काहीतरी बिघडलंय. जांभळट असेल तर प्राणवायू पुरत नाही, क्षणभरही थांबू नका. कुत्रं अनोळखी असेल, लाळ गाळत असेल, गिळता येत नसेल किंवा चवताळलेलं असेल, तर मात्र तोंडाजवळ हात नेऊच नका. पिसाळलेलं असू शकतं. आणि कोणतंही कुत्रं चावलं किंवा त्याची लाळ जखमेला लागली, तर ती जागा वाहत्या पाण्यानं साबण लावून पंधरा मिनिटं धुऊन माणसाच्या दवाखान्यात लस घ्यायला जा.

डॉक्टर सुई घालून पोटातलं थोडं पाणी काढतील. लाल्याचं पाणी सिरिंजमध्ये आलं तेव्हा मी घाबरलो होतो, पण ते हलकंसं पिवळसर, जवळजवळ साध्या पाण्यासारखं होतं. त्या रंगाला अर्थ असतो. साधं निवळ पाणी बहुधा प्रथिन कमी झाल्याचं सांगतं. लालसर छटा असली तर हृदयाकडं बघावं लागतं. गढूळ, वास येणारं असेल तर आत पू किंवा आतडं फुटलेलं. निव्वळ रक्त आलं तर बहुधा आत गाठ फुटलेली असते, नाहीतर कुत्र्यानं उंदराचं औषध खाल्लेलं असतं. म्हणून पाणी काढलं की ते फेकून द्यायचं नसतं, तपासायचं असतं.

इथं एक हात जोडून सांगणं आहे. बरेच जण डॉक्टरांना म्हणतात, "साहेब, सगळं पाणी काढून टाका, मोकळं करा." कुत्र्याला श्वास घेता येत नसेल तर पाणी काढावंच लागतं, आणि काढल्यावर ते लगेच बरं दिसतं. पण कारण तसंच राहिलं तर चार-आठ दिवसांत पोट पुन्हा भरतं. शिवाय दर वेळी त्या पाण्याबरोबर अंगातलं प्रथिनही जातं, कुत्रं आणखी वाळतं आणि पाणी आणखी लवकर भरतं. तुम्ही डॉक्टरांना एवढंच विचारा: हे पाणी कशानं झालं, आणि ते कळायला कोणती तपासणी लागेल? रक्त, लघवी, विष्ठा, सोनोग्राफी, यांतलं जे सांगतील ते करा. गावच्या सरकारी दवाखान्यात सोनोग्राफीची सोय नसेल तर आपल्याला दोन मोठ्या जागा आवाक्यातल्या आहेत. परभणीचं आणि उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय. दोन्ही महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची आहेत आणि दोन्हींकडं जनावरांचा दवाखाना चालतो. म्हशीला आपण टेम्पो करून नेतो, तसं कुत्र्यालाही नेता येतं. १९६२ या टोल-फ्री नंबरवर फोन केला तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची माहिती मिळते. ती गाडी मुख्यतः गुराढोरांसाठी आहे, कुत्र्यासाठी येईल का हे फोनवरच विचारून घ्या.

आता डॉक्टरांच्या त्या पहिल्या प्रश्नाकडं येतो. लाल्या काय खायचा?

त्या वर्षी परतीच्या पावसात आमचा मका कणसातच भिजला. वाळवला, पण दाण्यांवर हिरवी-पिवळी बुरशी आलीच. तो विकता येईना, माणसाच्या ताटात घालवेना. मग घरात ठरलं की तो वेगळा दळून कुत्र्यांना भाकरी करायची. वाया तरी जाणार नाही. दोन महिने आम्ही तेच केलं. डॉक्टरांनी ऐकून मान खाली घातली. मक्यामुळंच झालं असं शपथेवर कुणीच सांगू शकणार नाही, आम्ही तो मका तपासायला पाठवला नव्हता. पण लाल्याचं यकृत गेलेलं होतं, आणि त्या बुरशीचं विष यकृतावरच जातं.

त्या विषाला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. मका, भुईमूग, सरकी यांना ओल लागली की त्यांच्यावर वाढणारी एक बुरशी ते तयार करते. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी मेले, तेव्हा भुईमुगाच्या पेंडेतून हे विष सापडलं. आपल्याला त्याहून जवळची गोष्ट लक्षात ठेवायला हवी. १९७४ च्या अखेरीस गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात कितीतरी गावांत एक आजार पसरला. कावीळ व्हायची आणि मग भराभर पोटात पाणी व्हायचं. अवकाळी पावसात भिजून बुरशी आलेला मका खाणारी ती गरीब आदिवासी घरं होती. नोंदवलेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले. आणि त्या घरांतली, तीच भाकरी खाणारी कुत्रीही तशीच कावीळ होऊन, पोटात पाणी होऊन मेली. परदेशातल्या तयार खाद्यातही हे घडलं आहे. अमेरिकेत २००५ च्या शेवटी आणि पुन्हा २०२० च्या शेवटी अफ्लाटॉक्सिन असलेलं कुत्र्यांचं खाद्य बाजारातून परत मागवावं लागलं, तोवर कितीतरी कुत्री गेली होती. कुत्र्याचं यकृत या विषापुढं फार कच्चं असतं.

म्हणून "माणसाला नको, कुत्र्याला चालेल" हा हिशोब आजपासून सोडून द्या. बुरशी वरून खरवडून टाकली तरी विष दाण्यात उतरलेलं असतं. भाजून, उकळून, तव्यावर शेकून ते पूर्ण जात नाही. तीच पेंड गाईला घातली तर विष दुधातही उतरतं आणि ते दूध आपली लेकरं पितात. असं धान्य खड्ड्यात पुरा. आठ दिवसांची शिळी, ठिपके पडलेली भाकरीही कुत्र्याला टाकू नका. त्यापेक्षा त्या दिवशी ताजी अर्धी द्या.

यकृताखालोखाल आपल्या भागातली कुत्री सुजतात आणि वाळतात ती गोचिडांनी आणि जंतांनी. गोचीड नुसतं रक्त पीत नाही. तिच्या चाव्यातून एर्लिकिया नावाचा जंतू अंगात जातो. ताप येतो, नाकातून रक्त येतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, पाय सुजतात, पुढं मूत्रपिंडातून प्रथिन वाहून जातं. आपल्याकडं याला गोचीडताप म्हणतात आणि यावर औषध आहे. रक्ताची तपासणी करून डॉक्टर बहुधा चार आठवडे गोळ्या देतात. पाचव्या दिवशी कुत्रं खायला लागतं आणि लोक गोळ्या बंद करतात, हीच मोठी चूक. चारही आठवडे पूर्ण करा. शेजारच्या गल्लीतलं एक कुत्रं नाकातून रक्त आल्याच्या दुसऱ्याच दिवशी नेलं होतं, ते आज धडधाकट फिरतंय. त्याच्यात आणि लाल्यात फरक पडला तो नेण्याच्या दिवसांचा, आणि आजाराचाही.

गोचीड मारायला कपाशीवर फवारायचं औषध कुत्र्याच्या अंगाला कधीही लावू नका. ते कातडीतून आत जातं आणि कुत्रं लाळ गाळत, थरथरत मरतं. गोचिडाचं औषध डॉक्टरांना वजन सांगून घ्या. गोचीड भिंतीच्या फटीत, गोठ्याच्या दगडांत अंडी घालते, एकेक मादी हजारोंनी, म्हणून ती जागाही साफ करावी लागते. जंताचं औषध पिल्लाला दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरवड्याला तीन महिन्यांपर्यंत, आणि मोठ्याला दर तीन महिन्यांनी. अंकुशकृमी आतड्यातून रक्त शोषतात, रक्तातलं प्रथिनही जातं, आणि पिल्लाचं पोट फुगून पाय सुजतात. हे जंत अनवाणी पायांनी खेळणाऱ्या लेकरांच्या कातडीतही शिरतात.

ऊसतोडीला जाणाऱ्या बायाबापड्यांना आणि भावांना वेगळं सांगायचंय. दसरा-दिवाळीच्या सुमारास तुम्ही निघता. काहींचं कुत्रं ट्रॅक्टरवर बसून सोबत येतं, काहींचं गावातच राहतं. सोबत येणाऱ्याला उसाच्या फडात उंदीर भेटतात. उंदराच्या लघवीनं खराब झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, तो कुत्र्याच्या यकृताला आणि मूत्रपिंडाला धरतो, आणि कुत्र्यापासून माणसालाही होऊ शकतो. कुत्र्याला देतात त्या एकत्र लशींपैकी काहींत याची लस असते, डॉक्टरांना तसं विचारून तीच घ्या. रेबीजची वेगळी, वयाच्या तिसऱ्या महिन्यात पहिली आणि मग डॉक्टर सांगतील तशी, साधारण दर वर्षी. उचल हातात आली की मुकादमाची गाडी यायच्या आत हे उरकून घ्या. आणि जे कुत्र्याला मागं ठेवून जाता, त्यांनी शेजाऱ्याला एकच काम सांगून जा: आठवड्याला एकदा त्याच्या पाठीवरून आणि पोटावरून हात फिरव. मागं राहिलेली कुत्री केदारेश्वराच्या देवळाच्या सावलीला पडून असतात. कुणीतरी भाकरी टाकतं, पण हात कुणी फिरवत नाही.

मेडिकलमधल्या गोळ्यांबद्दल थोडं, पण ते पक्कं लक्षात ठेवा. माणसाला सुजेवर देतात ती पाण्याची गोळी, म्हणजे लघवी करवणारी, स्वतःच्या मनानं कुत्र्याला देऊ नका. प्रथिन कमी झाल्यानं सूज आली असेल तर ती गोळी रक्तातलंच पाणी काढते, सूज तशीच राहते आणि मूत्रपिंड बसतं. हृदयाच्या आजारात हीच गोळी जीव वाचवते, पण मापून आणि सोबत दुसरी औषधं देऊन. अंगदुखीच्या गोळ्या, पॅरासिटामॉल, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, यांतली एकही नको. पॅरासिटामॉल जास्त झालं की यकृत जातं, बाकीच्यांनी जठराला भोकं पडतात आणि मूत्रपिंड जातं.

आणि पाणी बंद करू नका. "पोटात पाणी झालंय, पाजू नका" असं सांगणारा गावात कुणीतरी भेटतोच. पोटातलं पाणी वाटीतून आलेलं नसतं. ते त्याच्याच रक्तातून गळालेलं असतं, आणि आत कुत्रं तहानलेलंच असतं. वाटी भरलेली ठेवा. मीठ मात्र बंद. पापड, लोणचं, फरसाण, खारट रस्सा, काही नको. मीठ पाण्याला धरून ठेवतं. प्रथिन कमी असेल तर डॉक्टर उकडलेलं अंडं, बिनमिठाची कोंबडी सांगतील. यकृत फारच खराब असेल तर तेही मोजून द्यावं लागतं, म्हणून विचारून द्या.

लाल्या बराच सावरला होता. औषधं, अंडी, बिनमिठाचा भात यांवर त्याच्या सुतळीची गाठ चार बोटं मागं आली, आडवा होऊन झोपायला लागला, एकदा रानडुकराच्या मागंही थोडा पळाला. होळीनंतर पुन्हा भरला आणि गेला. अठरा दिवस आधी नेला असता तर किती जगला असता, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मका बंद केल्यावर बाकीची दोन्ही कुत्री तपासून घेतली. ती आहेत.

उद्या न्यायचं असेल तर सकाळी उपाशीपोटी न्या, म्हणजे रक्त घ्यायला आणि सोनोग्राफीला सोपं जातं. कुत्र्याची ताजी विष्ठा एखाद्या छोट्या डबीत घ्या. जी औषधं दिली असतील त्यांची पाकिटं सोबत ठेवा, घरच्या घरी दिलेलीही, लाज न बाळगता. काय काय खातं ते खरंखुरं सांगा. माजावर कधी आली होती, पिल्लं कधी झाली, गोचीड होते का, उंदराचं औषध घरात ठेवलं होतं का, हे वाटेत आठवून ठेवा. गाठी मारलेली सुतळी खिशात टाका, डॉक्टरांना तारखांसकट दाखवा. चावेल अशी भीती असेल तर कापडाची पट्टी तोंडाला सैलसर बांधा, पण श्वास लागलेल्या कुत्र्याचं तोंड बांधू नका. गाडीत त्याला कुशीवर दाबून झोपवू नका, जसं बसेल तसं बसू द्या, पोटात पाणी असलेल्याला बसूनच श्वास घेता येतो. आणि वाटेत पाजायला एक वाटी आणि पाण्याची बाटली घ्या.